टॉलिव्हरची पाटी

वेंडेल क्राउजनं रॉय टॉलिव्हरच्या हातात हात दिला खरा, पण त्याच्याकडे बघितलं नाही. एकेकाळी दोघं एकाच बेसबॉल संघात होते. वेंडेल पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आणि रॉय म्हणजे बॅटचा राक्षस. त्यानं मारलेला चेंडू भिंत ओलांडून नदीत पडायचा आणि ओहायोतलं ते पोलाद कारखान्याचं गाव आठवडाभर त्याच गप्पा चघळायचं. त्या दंडांत मेहनतीबरोबर ताकद वाढवणारी, बंदी असलेली इंजेक्शनंही होती, हे रॉयनं कबूल केलं ते निवृत्त झाल्यावर.

क्लबच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे नामवंत खेळाडूंच्या दालनात, रॉयची पितळी पाटी लावायची की नाही, हे ठरवायला आज पाच जण बसले होते. वेंडेल त्यातला एक. त्याची स्वतःची पाटी बाहेर भिंतीवर केव्हाच लागली होती.

"तुम्हाला काही सांगायचंय, रॉय?" अध्यक्ष ग्रेटा लिंडक्विस्टनी विचारलं.

"काय सांगू मॅडम? घेतली इंजेक्शनं. तेव्हा सगळेच घेत होते."

"ऑझी घेत नव्हता," वेंडेल म्हणाला.

"कोण ऑझी?"

वेंडेलच्या कानशिलांत रक्त चढलं. "ऑझी ब्रेक. तुझ्याआधी तुझ्या जागेवर खेळायचा. तू आलास आणि त्याला खालच्या लीगमध्ये धाडलं. आता शाळेची बस चालवतो."

"हां, ब्रेक. बरा होता. पण माझ्याएवढा नव्हता."

"इंजेक्शनाशिवाय तू तरी तुझ्याएवढा होतास का?"

रॉय दोन्ही हात टेबलावर ठेवून पुढे झुकला. "अंतिम सामना आठवतो ना रे? तू त्यांच्या फलंदाजांचा मार खाऊन बसला होतास. शेवटी मी भिंतीपार होमरन मारला, म्हणून पिचरला मिळतो तो विजय तुझ्या नावावर लागला. तुझ्या पाटीवर पहिल्या ओळीत तोच सामना कोरलाय. माझा फटका खोटा, तर तुझा विजय खरा कसा?"

ग्रेटाबाईंनी रॉयला बाहेर थांबायला सांगितलं आणि मतं घेतली. दोन हो, दोन नाही. मग चौघंही वेंडेलकडे बघू लागले.

सकाळी त्यानं ऑझीला फोन केला होता. ऑझी 'नाही' म्हणेल आणि आपलं काम सोपं होईल, असा त्याचा हिशेब. ऑझीनं तो बरोबर ओळखला. "माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नकोस," तो म्हणाला होता. "तुझं तू ठरव."

"माझं मत 'नाही'," वेंडेल म्हणाला. "आणि माझी पाटीही उतरवा."

"तुम्ही कुठे नियम मोडलात?" ग्रेटाबाई चिडल्याच.

"मी नाही मोडला. पण जे तिथं कोरलंय, ते मी एकट्यानं जिंकलेलं नाही. ज्याच्या जोरावर जिंकलो, त्याला आत्ता मीच दार लावलं."

बराच वाद झाला. पाटी उतरवायला कुणी तयार होईना. शेवटी त्या सामन्याची ओळ तेवढी काढायचं ठरलं. रॉयला निकाल मी सांगतो, म्हणून वेंडेल बाहेर आला.

रॉय बाकावर बसून गुडघा चोळत होता. "नाही ना?"

"नाही. शेवटचं मत माझं होतं."

रॉयची मूठ आवळली. एक क्षण वेंडेलला वाटलं, आता हा मारणार. पण तो स्वतः जागचा हलला नाही. "माझ्या पाटीवरनं तो सामनाही काढतायत," तो म्हणाला. "मी सांगितलं म्हणून."

रॉय त्याच्याकडे बघत राहिला. हळूहळू मूठ सैल झाली.

"मग त्या दिवशी जिंकलं कोण?"

"माहीत नाही रे."

"गाव तर पहाटेपर्यंत नाचलं होतं," रॉय म्हणाला. तो उठला आणि जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेला. आधार द्यावा असं वेंडेलच्या मनात आलं, पण रॉयनं आपला हात घेतला नसता, हे त्याला ठाऊक होतं.