चोविसावं नाव

सकाळपासून वेरूळच्या पायऱ्या चढून-उतरून बन्सीमहाराजांचे गुडघे पार बोलू लागले होते. दिवसा फ्रेंच पाहुण्यांचे गाईड, सप्ताहात कीर्तनकार. तीस वर्षं दोन्ही ओझी एकाच खांद्यावर. आज पाहुणी ओदिलबाई हट्टानं कीर्तन ऐकायला बिडकीनजवळच्या त्यांच्या गावी निघाली होती. बाई फ्रान्समधल्या नव्वद वस्तीच्या मोंवेर गावची सरपंच.

गाडीत तिनं गावाचा इतिहास सांगितला. पहिल्या महायुद्धात एवढ्याशा गावातले तेवीस जण गेले. चौकातल्या दगडावर त्यांची नावं आहेत. दर नोव्हेंबरात सरपंच एकेक नाव पुकारतो आणि गाव म्हणतं, ‘फ्रान्ससाठी मेला.’

“आज हेच सांगतो कीर्तनात,” महाराज म्हणाले. “नावं द्या.”

तिनं तेवीस नावं लिहून दिली. मग थांबून म्हणाली, “चोविसावा एमिल, माझ्या आजोबांचा भाऊ. पुन्हा हल्ल्याला जायला नको म्हणाला, म्हणून आपल्याच फौजेनं गोळ्या घातल्या. त्याचं नाव दगडावर घालायचा ठराव मी आणला. चार विरुद्ध तीन, पडला. आता सरपंच म्हणून मला ते घेता येत नाही. तुम्हीही घेऊ नका.”

“नाय घेत.”

मांडवात उभं राहताच महाराजांचा आवाज बसला. तरी नावं सुरू झाली. प्रत्येक नावाला टाळकरी, बायाबापड्या म्हणत होत्या, “रामकृष्ण हरी.” तेवीस झाली. पण पंगतीतून कुणाला उपाशी उठवायचं नाही, ही जन्माची सवय. थकलेली जीभ ऐकेना.

“आणि एमिल.”

“रामकृष्ण हरी!” अख्खा मांडव गरजला.

कसंबसं कीर्तन उरकून महाराज ओदिलपुढं हात जोडून उभे राहिले.

“महाराज, तोंड कसं उतरलंय! कुणी म्हणंल तुमच्याच घरचं सुतक,” सतरंजी गुंडाळता गुंडाळता गावातली सरूबाई म्हणाली.

“चुकलो, बाई,” महाराज ओदिलला फ्रेंचमध्ये म्हणाले.

ती म्हणाली, “आमच्याकडं उत्तर एकच, ‘फ्रान्ससाठी मेला.’ ते एमिलला लागू नाही म्हणतात. तुमचे लोक काय म्हणाले?”

“रामकृष्ण हरी. ते सगळ्यांनाच लागू.”

“इथं मी सरपंच नाही ना?”

“इथं तुम्ही नुसत्या श्रोत्या.”

महाराज खांबाला टेकून खाली बसले. उभं राहणं आता होतच नव्हतं. ओदिलनं डोळे मिटले आणि दगडापुढं पुकारावं तसं, घोगऱ्या आवाजात पुकारलं, “एमिल!”

कोण, कुठला, काही ठाऊक नसताना सरूबाईनं सतरंजी खाली ठेवली, पदर सावरला नि ओ दिली, “रामकृष्ण हरी.”