पाठचा भाऊ

गुरुजींनी स्मारकाचा आराखडा माझ्यापुढे पसरला आणि मी कपाळाला हात लावला. पायऱ्या सात, कारण गावातले सात जण लढाईत गेले. एका बाजूला सिंह, म्हणजे शौर्य. दुसऱ्या बाजूला कबूतर, म्हणजे शांती.

"गुरुजी, सिंहाशेजारी कबूतर बसवलं तर शांती किती वेळ टिकेल?" मी विचारलं. मी पाथरवट. माझी जीभ छिन्नीसारखीच चालते, त्याला इलाज नाही.

शेवटी सिंह गेला, कबूतरही उडालं. राहिला खांद्यावर बंदूक घेतलेला दगडी शिपाई, आणि खाली चौथऱ्यावर सात नावं. गुरुजींची एक अट मात्र काही केल्या हलेना. शिपायाचं तोंड वेशीकडेच हवं. "वीर शत्रूला पाठ दाखवत नाही!" असं त्यांनी मला तीनदा बजावलं.

हातपाय घडवून झाले. डोकं आणि बंदूक अजून एकाच ओबडधोबड गोळ्यात होती. तेव्हा चौकातल्या शिवणकामवाल्या ताई माझं काम बघायला आल्या. त्यांच्या मशीनची खिडकी नेमकी चौथऱ्याच्या मागे, आणि सात नावांतलं एक त्यांच्या पाठच्या भावाचं.

"मला रोज याची पाठच दिसणार का रे?"

"गुरुजींचा हुकूम आहे, ताई."

"जाताना मीच म्हटलं होतं त्याला, मागे वळून बघू नकोस, मला रडू येईल. जन्मात माझं काही ऐकलं नाही मेल्यानं, नेमकं तेवढंच ऐकलं! शेवटची पाहिली ती पाठच. आता म्हातारपणी टीप घालताना पुन्हा तेच बघत बसू?"

मला भरून आलं. रागही आला, पण माझाच. महिनाभर दगड ठोकत होतो आणि मागे कोण बसतं ते एकदाही पाहिलं नव्हतं.

ताई गेल्यावर मी गोळा मोजला. मान खांद्यावरून वळवायची तर नाकाला दगड हवा, आणि तो सगळा बंदुकीत अडकलेला. मग काय, चार दिवसांत बंदुकीचं नाक झालं.

पाचव्या दिवशी गुरुजी आले, बरोबर पोस्टमनकाका. गुरुजींनी काठीच आपटली. "सैनिक मागे बघतो? आणि बंदूक कुठे गेली?"

"नाकात गेली, गुरुजी."

"थट्टा करतोस? हे डोकं फोडायला लावीन मी!"

मी ताईंच्या खिडकीकडे पाहिलं. मशीनचा आवाज थांबला होता.

पोस्टमनकाका पुढे झाले. आमच्यात लढाई पाहिलेला हा एकच माणूस, आणि तिच्याविषयी चकार शब्द न काढणारा. "गुरुजी, रजा संपवून घरून निघताना कुणाजवळ बंदूक असते? ती तिकडे पलटणीत जमा असते. हातात असते ती घरच्यांनी भरून दिलेली पिशवी. आणि मागे तर आम्ही सगळेच बघायचो. वळणापर्यंत."

गुरुजी बराच वेळ चष्मा पुसत राहिले. सातही जण त्यांच्याच वर्गातले. "वर्गातसुद्धा मागेच वळून बघायची कार्टी," ते शेवटी म्हणाले. "पण शत्रूला पाठ दाखवली नाही ना?"

"पाय बघा की! वेशीकडेच आहेत."

"मग असू दे. पायऱ्या मात्र सातच ठेव."

अनावरणाला अख्खा गाव लोटला. गुरुजींचं भाषण व्हायचं तेवढं लांबलं. कापड खाली आलं तसं सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग कुणीतरी शिपाई बघतो तिकडे मागे पाहिलं म्हणून सगळ्यांनीच पाहिलं. ताई खिडकीत उभ्या होत्या, गळ्यात टेप, हातात कात्री.

"बघू नकोस म्हटलं होतं ना?" त्या शिपायावर खेकसल्या. "तेवढं एक ऐकलं होतंस, तेही मोडलंस!"

सगळा चौक हसला. ताईही हसल्या, आणि मग, म्हणाल्या होत्या तसं, त्यांना रडू आलं.