उलटं चालणारा गाईड

त्या रविवारी श्रीकृष्णानं अख्खा मांडवगड उलटा चालत दाखवला. इंदूरहून आलेल्या पाहुण्यांना वाटलं, काय नम्र माणूस, आपल्याकडे पाठ म्हणून करत नाही! नम्र कसला डोंबलाचा! सव्वीस वर्षं कापडमिलमध्ये मागांच्या खडखडाटात काढून दोन्ही कान गेले होते त्याचे. समोरच्याचे ओठ दिसले तरच प्रश्न कळायचा.

मिलला टाळं लागून दोन वर्षं झाली होती. टूर काढणाऱ्या देवयानीबाई म्हणाल्या होत्या, "आज जमलं तर दर रविवार तुमचा." कानांचं त्यानं सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर बसमध्ये चढू कुणी दिलं असतं? आणि खरं सांगायचं तर त्याला पगाराहून माणसं हवी होती. मागांच्या आवाजात सगळेच ओठांवर बोलायचे; दोन ओळी पलीकडून विष्णू आवाज न काढता शिव्या घालायचा आणि हा हसून बेजार व्हायचा. विष्णू आता सुरतेला गेलेला. खोलीत दिवस-दिवस कुणाचे ओठ हलत नसत.

गडाचा इतिहास मात्र तोंडपाठ. परमारांचा काळ, होशंगशहाची संगमरवरी कबर, हिंडोला महालाच्या कललेल्या भिंती, सगळं त्यानं रंगवून सांगितलं. एक आजोबा म्हणाले, "वा भिया, मजा आ गया!" तेव्हा स्वारी भलतीच खूश झाली.

जहाज महालाच्या गच्चीवर मंडळी पांगली. महालालगतच्या तलावापलीकडे देवयानीबाई सोबत आलेल्या बहिणीशी बोलत उभ्या होत्या. धडधाकट कानांनाही इतक्या लांबून एक अक्षर ऐकू आलं नसतं. श्रीकृष्णानं सगळं वाचलं.

"बिचाऱ्याला ऐकू येत नाही गं. मघाशी पाठीमागून तीनदा हाक मारली मी. सांगतो झकास, पण कड्यापाशी कुणी घसरून ओरडलं तर? पुढल्या वेळी दुसरा बघते. आज त्याला काही बोलू नकोस."

बाईंचं चुकलं नव्हतं. तेच त्याला जास्त लागलं.

परतीत बेटम्याला बस चहासाठी थांबली. बाई हसून म्हणाल्या, "काकाजी, मस्त झालं हं. कळवते मी."

"नका कळवू," श्रीकृष्ण म्हणाला. "तलावापलीकडून वाचलंय मी. फक्त इंदूर येईपर्यंत माझ्या समोर बसा. काहीही बोला, चालेल."

बाईंनी मान खाली घातली, आणि त्याला त्यांचे ओठही दिसेनासे झाले.