सहा नंबरच्या ओळीतल्या नांग्या

पेरलेल्या ओळीत जिथं रोप उगवलं न्हाई, त्या मोकळ्या जागेला आमी नांगी म्हणतो. नांगी दिसली की माझा हात शिवशिवतो. खुरप्याच्या टोकानं दाणा टोचायचा अन् पुढं व्हायचं. उमाबाईच्या, म्हंजे माझ्या, रानात नांगी हाय असं उमापूरच्या शिवारात अजून कुणी म्हणलेलं न्हाई.

घोटाळा झाला तो त्याच्यापायी.

धाकटी सून ईश्वरी शेतकीच्या कॉलेजात शिकती. आमच्या पाणथळ तुकड्यात सोयाबीनचं बी दरसाल कुजतं, उगवलंच तर रोप मानेतून काळं पडून आडवं होतं. तिनं नेमका तोच तुकडा मागितला. आठ वाणांच्या आठ ओळी, ओळीला शंभर दाणे, अन् बियाला औषध चोळायचं न्हाई. कोणत्या वाणाच्या रक्तातच रोगाशी झुंजायची ताकद हाय, ते तिला बघायचं होतं. सहावी ओळ माझ्या घरच्या बियाची. "हे बी कुणाला हार जायचं न्हाई," मी बजावून ठेवलेलं.

पेरून ती कॉलेजात गेली. आठ दिवसांनी बघते तर सहाव्या ओळीला टक्कल पडलेलं! वरच्या रानात पेरून उरलेलं घरचंच बी होतं, औषध चोळलेलं. तेच टोचलं.

पुढच्या आठवड्यात ईश्वरी आली, गुडघ्यावर बसून मोजायला लागली. शेजारच्या रानातली सरस्वतीबाई बांधावर उभी होती.

"आत्याबाई, सत्त्याण्णव! काही बारकी आहेत, पण उभी आहेत. तुमचं बी पहिलं आलं!"

माझी मान ताठ झाली, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात सरस्वतीबाई म्हणली, "अक्का, पुढल्या साली मी हेच पेरते. औषधाचा ताप तरी वाचंल."

तिचं रान एवढुसं, अन् तेबी सगळं पाणथळ. औषधाबिगर हे बी पेरलं तर तिचं सालच बुडायचं.

"ईश्वरे, लिहू नको ते. त्यातली बारकी मी टोचलीत. औषधाच्या बियाची."

ती चिखलात फतकल मारून बसली. "आत्याबाई, अहो, मला नांग्याच मोजायच्या होत्या! दुसऱ्या ओळीतही टोचलंत?"

"न्हाई बाई. दुसऱ्याची अब्रू मी कशाला झाकू?"

डोळ्यांत पाणी होतं पोरीच्या, तरी फस्सकन हसली.

टोचलेली रोपं मीच उपटली. मागं राहिली चौतीस. चौथ्या ओळीत, कॉलेजातून आणलेल्या वाणाची, एक्याण्णव उभी होती.

"अक्का, तुमच्या रानात एवढ्या नांग्या?" सरस्वतीबाई.

"मोज की, बोटं हायेत ना! अन् माझं बी पेरलंस तर औषध चोळल्याबिगर पेरू नको."

ईश्वरी हात पुसत म्हणली, "तुमचा दाणा टपोरा, चार नंबरात ताकद. पुढच्या साली फुलातच दोघांचं लग्न लावू, त्याचा पराग तुमच्या फुलाला. तुमचं बी नवरी."

"म्हंजे मी मुलीकडची? चार लेकांची आई मी! कुणाच्या दारात हात जोडून उभी राहिले न्हाई कधी."

"माझी आई राहिलती की, तुमच्या दारात."

मी उपटलेली रोपं बांधावर टाकली अन् म्हणले, "तिला बोलावून घे लग्नाला. या खेपेला वरमाय तिला करू."