लाल दोऱ्याची सुरी

“धोंडूमामा, ही सुरी फक्त आजारी हरणांची. दुसऱ्या कशाला लावायची नाही.”

लतिकाबाईंचा हा आवाज मी प्रथम ऐकला, तेव्हा गिरण्यांच्या संपाला चार महिने झाले होते. मित्रांनो, मी परळच्या एका प्रयोगशाळेतली जुनी पोलादी सुरी आहे. बाईंनी माझ्या मुठीला लाल दोरा बांधला, मी इतर सुऱ्यांत मिसळू नये म्हणून.

रानात खंगून, लाळ गाळत मेलेल्या हरणांचे मेंदू बर्फातून यायचे. मी ते कापायची. त्यातला अंश बाई उंदरांना टोचायच्या आणि वाट पाहायच्या. त्यांचा संशय प्रायॉनवर होता. प्रायॉन म्हणजे बिघडलेलं प्रथिन. ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही बिघडवतं, पोलादाला चिकटतं आणि उकळूनही मरत नाही. हे नाव तेव्हा नवंकोरं होतं. काम करता करता बाई गुणगुणायच्या,

रानाची हरिणी, रान तिला आठवेना,
पाडस हाक मारी, आई त्याला ओळखेना.

एके दिवशी बाईंच्या वडिलांना संपाच्या मोर्चात लाठी लागली. बाई धावत चिंचपोकळीला घरी गेल्या. त्याच दुपारी तुलनेसाठी निरोगी हरणाचा मेंदू आला. आमचे प्रमुख, शरच्चंद्रसाहेब, घाईत होते. त्यांनी मलाच उचललं.

“साहेब, ती आजाऱ्यांची,” धोंडूमामा दारातून म्हणाले.

“उकळून घेतली की झालं. पंचवीस वर्षं हेच करतोय. आता शिपाई शिकवणार मला?”

दीड वर्षाने निरोगी मेंदूचा अंश टोचलेले उंदीरही झोकांड्या खाऊ लागले. सगळा प्रयोग नासला.

“सुऱ्यांची सरमिसळ तूच केलीस. लक्ष कुठे होतं तुझं?” साहेब सर्वांसमोर बाईंना म्हणाले. “संपवाल्यांच्या सभेत?”

बाईंची नोकरी गेली, नावाला बट्टा लागला. मामांनी मान खाली घातली. त्यांचे दोघे भाऊ गिरणीतलं काम जाऊन घरी बसले होते. सगळ्यांची चूल मामांच्या नोकरीवर पेटत होती. मला ‘बाद’ अशी चिठ्ठी लावून डब्यात कोंडलं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, पोलादाला काय राग येणार? सहा वर्षं अंधारात मी एकच मागणं मागितलं: त्या माणसाचा अंगठा एकदा माझ्या धारेखाली येऊ दे. पण सुरीला स्वतःहून हलता येत नाही. सूड घ्यायलाही माणूसच लागतो. म्हणून सांगते, हत्यारं जपा, ज्याची त्याला ठेवा. आणि आपल्या हातची चूक दुसऱ्याच्या माथी मारू नका. ती उकळून जात नाही.

साहेब निवृत्त झाले. निरोप समारंभ आमच्याच खोलीत होता. खांद्यावर शाल, हातात नारळ. शेवटच्या रांगेत लतिकाबाई बसल्या होत्या. मामांनी चाळीत जाऊन, हात जोडून त्यांना आणलं होतं.

“धोंडू, तूही बोल दोन शब्द,” साहेब हसत म्हणाले. “सगळ्यात जुना तूच.”

मामा उठले. त्यांनी डबा उघडून मला टेबलावर ठेवलं. साहेबांचं हसू मावळलं. मला वाटलं, आली माझी वेळ. पण मामांनी मला पुन्हा हात लावला नाही. ते बाईंकडे वळले आणि आपल्या मालवणीत बोलले.

“बाय, त्या दिवशी बऱ्या हरणाचो मेंदू सायबांनी ह्याच सुरीन कापल्यानी. तुझो हातसुदीक लागूक नाय. मी दारात उभो होतंय. सगळा बघलंय, आणि पोटासाठी गप रवलंय.”