तळमजल्यावरचे अंतर्यामी

तळमजल्यावर गर्दी एवढी की लिफ्टचं दार उघडायला जागा उरली नव्हती. जिन्यावर माणसं, सायकलींच्या फटीत माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट: अंतर्यामी नुसत्या नावावरून रक्त वाचतात!

दोन खोल्या भाड्याने घेऊन त्यांना चार महिनेच झाले होते. बाहेरच्या खोलीत ते माणसाचं पूर्ण नाव आणि वय विचारायचे, "मी तुमच्या आत उतरून येतो" म्हणायचे आणि पडद्यामागच्या खोलीत ध्यानाला जायचे. माणसाच्या आत उतरायला पडद्याच्या आत का जावं लागतं, हे कोणी विचारलं नाही. तीन मिनिटांनी ते आकडा घेऊनच बाहेर यायचे. "साखर दोनशे सव्वीस. बरोबर?" समोरचा पायाच पडायचा.

दोनशे सव्वीस हा आकडा वायरवालीच्या दादाचा. ती त्या इमारतीतल्या संगणकांची आणि नेटची देखभाल करायची, म्हणून सगळे तिला वायरवालीच म्हणत. दादाच्या पायाच्या अंगठ्याला महिनाभर जखम होती आणि ती बरी व्हायचं नाव घेत नव्हती. पहिल्या मजल्यावर दवाखाना आणि रक्ताची लॅब चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्याला साखर उतरवायच्या गोळ्या दिल्या होत्या. अंतर्यामींनी त्या बंद करून मंतरलेलं पाणी प्यायला सांगितलं.

"आणि तू केल्यास बंद?" वायरवालीचा आवाज चढला. "दादा, अंगठा काळा पडायला लागलाय! उद्या कापायची वेळ आली म्हणजे?"

"अगं, मी तोंड उघडायच्या आत आकडा सांगितला त्यांनी. डॉक्टरांना सुई लागते. यांना काही लागत नाही."

"नाव लागतं ना?"

"नाव तर पोस्टमनलाही लागतं."

वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "माझं नाही हो दिसलं त्यांना. मी रक्त दुसरीकडे दिलं होतं. म्हणाले, तुमच्याभोवती ढग आहे. वरच्या मजल्यावर तपासून या, म्हणजे विरेल."

वायरवाली ताडकन उठली. हा कसला ढग, जो वरच्याच लॅबमध्ये तपासल्यावर विरतो?

लॅबचे सगळे रिपोर्ट सर्व्हरवर असायचे आणि कुठली फाईल कधी, कुठून उघडली याची नोंद सर्व्हर ठेवायचा. दादाची फाईल मंगळवारी अकरा वाजून चार मिनिटांनी उघडलेली होती. त्या वेळी दादा तळमजल्यावर अंतर्यामींसमोर हात जोडून बसला होता. फाईल उघडणारा संगणक स्विचच्या नऊ नंबरच्या खाचेत जोडलेला होता. सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या स्विचच्या पेटीपाशी जाऊन तिने नववी वायर धरली. तिच्यावरच्या पट्टीवर लिहिलं होतं: तळमजला, आतली खोली. अक्षर तिचंच होतं.

तिचे कान तापले. भाडेकरूंना नेट द्यायचं म्हणून वर्षापूर्वी तिनेच सगळ्या वायरी लॅबच्याच जाळ्यात खुपसल्या होत्या. रिपोर्टांना कुलूपही घातलं नव्हतं. सध्या चालू दे, वेगळं नंतर करू, असं म्हणाली होती. ते नंतर काही उजाडलं नाही, आणि दरम्यान अंतर्यामी उगवले.

"माझ्या पेशंटांचे रिपोर्ट?" डॉक्टरबाई संतापल्या. "आत्ताच्या आत्ता बंद कर!"

"करते. चूक माझीच आहे. पण नुसतं बंद केलं तर म्हणतील शक्ती रुसली, आणि दादा गोळ्यांना हात लावणार नाही. लिफ्टवाल्या काकांची मदत घेऊ."

सर्व्हरपासून स्विचपर्यंत वायर एकच होती. त्या एका वायरीतून दोन वेगळी जाळी न्यायची तर व्हीलॅन करतात. प्रत्येक निरोपाला नंबराची चिठ्ठी लावायची, दहा म्हणजे लॅब, वीस म्हणजे भाडेकरू. स्विच चिठ्ठी बघून ज्याचं त्याला देतो, दहाचा निरोप वीसच्या दारात जात नाही. वायरवालीने स्विचला हे शिकवलं, पण घाईत सर्व्हरला शिकवायचं राहिलं, आणि अख्खी लॅब मुकी झाली. डॉक्टरबाई कपाळाला हात लावून बसल्या. मग सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर तिने चार ओळी लिहिल्या, त्यालाही दहा आणि वीस कळले, तेव्हा बाईंचा जीव भांड्यात पडला. दहामध्ये खरे रिपोर्ट कुलपात गेले. वीसमध्ये तिने तसाच दिसणारा फोल्डर ठेवला. आत एकच खोटा रिपोर्ट होता, लिफ्टवाल्या काकांच्या नावाचा. त्याची प्रत डॉक्टरबाईंनी बंद पाकिटात घातली.

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत काका पुढे सरकले. नाव आणि वय सांगितलं. अंतर्यामी आत उतरले, बाहेर आले आणि खर्जात म्हणाले, "साखर चारशे बारा! परवा सकाळी डाव्या हातातून रक्त दिलंत. सुईची जागा अजून ठणकतेय."

"सुई?" काका किंचाळले. "अहो, सुई नुसती बघितली तरी भोवळ येते मला! जन्मात रक्त दिलेलं नाही!"

माणसं फिदीफिदी हसली. अंतर्यामींनी डोळे अर्धे मिटले. "मूर्खांनो, हे पुढच्या वर्षीचं रक्त आहे."

"हा खोटा रिपोर्ट आम्ही कालच लिहून ठेवला होता," म्हणत वायरवालीने पाकीट एका आजींच्या हातात दिलं. आजींनी ते फोडून मोठ्याने वाचलं. चारशे बारा, परवा सकाळ, डावा हात. हसणं एकदम थांबलं.

मग दादा लंगडत पुढे आला. "काल मी पुन्हा रक्त दिलंय वर. माझा आकडा सांगा."

अंतर्यामी आत गेले. तीन मिनिटं झाली, दहा झाली. बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता. "तुमच्याभोवती ढग आलाय."

"तो ढग मी घातला, दादा," वायरवाली म्हणाली. "आणि आधी जे दिसत होतं तेही माझ्याच आळसामुळे दिसत होतं." पडदा बाजूला करून तिने आतला लॅपटॉप आणि त्याला जोडलेली वायर सगळ्यांना दाखवली. "लोकहो, माझ्या एका चुकीचा तुम्ही देव केलात. कोणी तुमच्या रक्तातलं सांगितलं तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, तुम्हाला हे कुठून कळलं? खरं जाणणारा माणूस त्या प्रश्नावर चिडत नाही."

अंतर्यामी चिडलेच. वकील आणतो म्हणाले. डॉक्टरबाईंनी पोलिसांना फोन लावल्यावर मात्र ते लॅपटॉप काखोटीला मारून निघाले, आणि वाट करून द्यायला या वेळी कोणी हललं नाही.

दादा पहिल्या मजल्यावर गेला. पट्टी सोडल्यावर डॉक्टरबाईंनी बराच वेळ अंगठा बघितला. वाचेल, म्हणाल्या, पण आणखी आठवडा गेला असता तर सांगता आलं नसतं. वायरवालीला तिथेच रडू फुटलं. दादाने गोळ्यांचं पाकीट घेतलं, उलटसुलट केलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच डॉक्टरांना विचारलं, "बाई, या गोळ्या पोटात जाऊन नक्की करतात काय?"

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली, कोरा कागद घेतला आणि चित्र काढून सांगायला सुरुवात केली.