कोमट बाळोती

बाळबाळंतीण संध्याकाळी घरी येणार होती. दोन्ही आज्या दवाखान्यात होत्या, जावई तिकडेच धावपळ करत होता, आणि घरी दोन व्याही एका ओल्या कपड्यांच्या ढिगाऱ्यासमोर उभे होते. बाळंतिणीचे वडील शिंपी, अंगाने काडीसारखे. जावयाचे वडील जन्मभर बस चालवलेले, ऐसपैस देहाचे. हुकूम एवढाच होता की दुपटी, झबली, लंगोट सगळं धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवायचं. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

कपडे वाळवायचं मशीन घरघरत फिरत होतं. ड्रायव्हरांनी दार उघडून आत हात घातला.

"गारच आहेत हो, व्याही."

"अजून थोडा वेळ फिरू द्या," शिंपी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

दोघांचं बोलणं असंच, मोजून मापून. लग्नात शिंप्यांनी व्याह्यांसाठी स्वतःच्या हाताने कोट शिवला होता. तो घालून ड्रायव्हर मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाले होते, "बगलेत आवळतोय." शिंप्यांच्या ते जिव्हारी लागलं होतं. तेव्हापासून 'या, बसा, चहा घ्या' यापलीकडे गाडी सरकली नव्हती.

थोड्या वेळाने शिंप्यांनीही हात घालून पाहिला. कपडे गारच. बटण चुकून थंड हवेवर तर नाही ना, हे दोघांनी आळीपाळीने चष्मा लावून तपासलं. नव्हतं. दारातली जाळी काढली, तर तिच्यावर घोंगडीसारखा जाड थर बसलेला. शिंप्यांनी तो अलगद सोलून काढला. "ही कपड्यांची लव," ते म्हणाले. "माझ्या शिलाई मशीनखाली रोज एवढी निघते."

जाळी साफ केली, मशीन लावलं. पुन्हा घरघर, पुन्हा गारठा.

ड्रायव्हर छत्री घेऊन बाहेर गेले. मशीनची हवा भिंतीतल्या भोकातून बाहेर पडते, तिथे तळहात धरून उभे राहिले आणि ओले होऊन परत आले. "फुंकर घातल्याइतकीही हवा येत नाही. मागे कुठेतरी कोंडलंय."

त्यांनी प्लग काढला. पण भिंत आणि मशीन यांच्या फटीत ड्रायव्हरांचा खांदासुद्धा जाईना. शिंपी मात्र आडवे होऊन सुईत दोरा ओवावा तसे आत गेले. आतून त्यांचा आवाज आला, "पाइप चेपून पार चपटा झालाय. मशीन फारच मागे रेटलंय कुणीतरी."

ड्रायव्हरांनी फटीशी वाकून आत पाहिलं. मग म्हणाले, "मीच रेटलं. परवा. पाळण्याला जागा करायची होती ना."

फटीत पाइप खडखडत राहिला. ड्रायव्हरांना राहवेना. "आणि व्याही, तो कोट. त्यात तुमची काही चूक नव्हती. माप दिल्यावर लग्नापर्यंत मी इतक्या जेवणावळी झोडल्या, की माझे जुने सदरेही होईनात. ते चारचौघांत कबूल करायला लाज वाटली, म्हणून कोटावर ढकललं."

आत खुसखुस सुरू झाली. हसता हसता शिंप्यांना ठसका लागला आणि लवेचा एक पुंजका बाहेर उडाला. "मला वाटलं, माझा हात गेला," ते म्हणाले. "त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाची बगल मी दोनदा मोजायचो. आता ओढा जरा हे धूड पुढे."

पाइप सरळ केला, आतून मांजराएवढी लव काढली. आता हवा जोरात येऊ लागली, पण गारच. मग पुन्हा प्लग काढून त्यांनी मागचा पत्रा उघडला, तिथला करंगळीएवढा फ्यूज सोडवला आणि कोपऱ्यावरच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदार बाईंनी मीटर लावून पाहिलं. "हा उडालाय. मशीन फार तापलं की आग लागू नये म्हणून हा आधी उडतो."

"म्हणजे फार गरम झालं, म्हणून गरम होत नाही?" शिंप्यांनी विचारलं.

"अगदी तसंच. पाइप साफ केलात ना? नाहीतर नवाही उडेल."

"पाइपात शिरून केलाय यांनी," ड्रायव्हर अभिमानाने म्हणाले.

नवा फ्यूज बसवला, पत्रा लावला, पाइपाला मोकळी जागा ठेवली. मशीन सुरू झालं. दोघेही दाराच्या काचेला गाल लावून उभे राहिले, आणि काच हळूहळू कोमट झाली.

त्यानंतर मात्र दोघांना आवर राहिला नाही. दुपटी वाळली, झबली वाळली, मग टॉवेल, मग चादरी. शिंपी घड्या घालत होते, ड्रायव्हर पुढचं काय आत टाकता येईल ते शोधत घरभर फिरत होते.

दारात गाडी थांबली. ड्रायव्हरांनी गरमागरम दुपटं उचलून छातीशी धरलं आणि पुढे धावले. बाळाला त्यात गुंडाळल्यावर त्याने एक जांभई दिली आणि रडणं सोडून दिलं. मुलगी सासऱ्यांकडे बघून हसली. तिची आई मात्र दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहून चहूकडे बघत होती.

"पडदे कुठे गेले?" तिने विचारलं.

दोन्ही व्याह्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "येतीलच," शिंपी म्हणाले. "अजून जरासे दमट आहेत."